आजोबांची गूळतुला आणि कॅमेऱ्याचं पांढरं

कॅमेऱ्याला पांढरा रंग उपजत कळत नाही. तो त्याला शिकवावा लागतो. हे ज्ञान मला वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी झालं, आणि ज्या वेळी झालं त्या वेळी मांडवभर पाहुणे जेवणाची वाट बघत बसले होते.

तन्वी, तू तेव्हा जेमतेम चार वर्षांची होतीस. अर्जुन, तू अजून आईच्या पोटात होतास, आणि खरं सांगायचं तर सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. (तुझा दोष नाही, बाळा. पण कारण तूच!)

तुमच्या आजोबांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. जन्मभर त्यांनी शाळेत पीटी शिकवली आणि सुट्टीच्या दिवशी फुटबॉलच्या सामन्यांत शिट्टी फुंकली. शिवाजी पेठेत त्यांच्या हाताखाली खेळलेली पोरं आता पन्नाशीला आलेली, कुणाची गॅरेजं, कुणाचे टेम्पो. पण अजून आजोबा दिसले की सिगारेट मागे लपवतात. या पोरांनी ठरवलं, सरांची गूळतुला करायची. म्हणजे मोठ्या तराजूच्या एका पारड्यात सर आणि दुसऱ्या पारड्यात गुळाच्या ढेपा. दांडी सरळ झाली की तेवढा गूळ एका वसतिगृहातल्या मुलांना द्यायचा.

आजोबा आधी तयार होईनात. "मी काय बाजारात आलेला माल हाय व्हय रं, तोलून बघायला?"

त्यावर बापू म्हणाला (हा बापू म्हणजे त्यांचा जुना गोलकीपर, अंगाने गोलपोस्टएवढाच), "सर, जल्मभर कार्डं दाखवून आमचं तोंड कडू केलासा. आता एक दिस गोड व्हा की!"

आजोबा तयार झाले. बापूपुढे ते पहिल्यांदाच गोल खात होते.

तुमच्या आईला, म्हणजे मेधाला, मी फोनवर ही बातमी दिली तेव्हा ती आधी हसली आणि मग रडायला लागली. डॉक्टरांनी तिला विमानात बसायला मनाई केली होती. ऑकलंडहून कोल्हापूर म्हणजे काही शिवाजी पेठेतून बिंदू चौक नव्हे. ती म्हणाली, "आई, मला भाषणं नकोत, हार नकोत. बाबा तराजूत बसलेत आणि दांडी सरळ झालीय, एवढं फक्त मला बघायचंय. एवढं एक कर."

आणि पुढच्याच आठवड्यात तिची मैत्रीण सुलभा कोल्हापूरला माहेरी आली ती मेधाने पाठवलेला डिजिटल व्हिडिओ कॅमेरा घेऊन. तुला झाली की दुसऱ्या दिवशी सुलभा ऑकलंडला परत जाणार होती आणि कॅसेट तिच्याबरोबर जायची होती. म्हणजे एक दिवस, एक कॅसेट, एक सुलभा. चुकायला जागा नाही!

आजोबा म्हणाले, "कशाला डोक्याला ताप? व्हिडिओवाला बोलवू की."

"अजिबात नाही," मी म्हणाले. "त्या व्हिडिओवाल्याने शेजारच्या लग्नात नवरीला कमळातून बाहेर काढलं होतं आणि सासऱ्यांना बदामात बसवून आकाशात सोडलं होतं. माझ्या मुलीला बाप बघायचाय, गरुडावरचा विष्णू नाही. शूटिंग मी करणार."

"तुला येतंय?"

"पुस्तिका आहे."

मी पस्तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं. जगात पुस्तिका असताना माणसं विचारत का बसतात, हे मला कधी समजलं नाही. मी ती पुस्तिका लाल पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून वाचायला घेतली. (व्याकरणाच्या चुका निघाल्या. त्या दुरुस्तही केल्या.)

त्या कॅमेऱ्याला फारशी बटणं नव्हती. बाजूला एक छोटा पडदा उघडायचा आणि पडद्यावरच्या चित्रांवर बोट ठेवायचं. पण मी एका चित्रावर बोट ठेवावं आणि त्याने भलतंच काही करावं! पुस्तिकेत याला उपाय होता. पडद्याला बोट नेमकं कुठं लागतंय हे आधी समजावून द्यायचं असतं. पडद्यावर फुलीची खूण येते, तिच्या मधोमध हलकेच टोचायचं, मग ती दुसऱ्या कोपऱ्यात जाते, तिथं टोचायचं, असं सगळीकडे. झालं की पडदा शहाणा.

मी जेवणाच्या टेबलावर कॅमेरा ठेवला आणि एक काडी घेऊन टोचायला बसले. त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आक्का बसल्या होत्या. आक्का म्हणजे आजोबांची थोरली बहीण. भावाच्या तुलेसाठी त्या चंदगडहून एसटीने आल्या होत्या, बरोबर नव्या तांदळाचं मोठं गठुडं घेऊन. आक्कांना दात नाहीत पण पान लागतं. म्हणून त्या पान लोखंडी खलबत्त्यात कुटून खातात.

फुली आली. मी नेम धरला. ठक्क! टेबल उडालं. माझी काडी फुलीच्या शेजारी.

"आक्का, जरा थांबता का?"

"का गं? डबा बुजतोय व्हय तुझा?"

"डबा नाही, कॅमेरा आहे. त्याला हलवायचं नसतं."

"मग लग्नातला कसा खांद्यावर घेऊन पळतोय त्यो?" ठक्क!

शेवटची फुली टोचून झाली तेव्हा त्या पडद्याला एकच गोष्ट पक्की समजली होती, ती म्हणजे आक्कांचा ठेका. आता मी जिथं बोट ठेवीन त्याच्या बोटभर खाली त्याला स्पर्श जाणवू लागला. मी पुन्हा टोचणीचं पान उघडायला गेले, तर त्याच्या खालचं 'भाषा' उघडलं. घाईघाईने 'इंग्रजी'वर बोट ठेवलं, तर त्याच्या खालचं काहीतरी लागलं, आणि क्षणात सगळा पडदा चिनी झाला!

आजोबा मागून डोकावले. पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "काय मास्तरीणबाई, आता याला कुठल्या भाषेत रागं भरणार?"

मी पुस्तिकेचं 'अडचणी आणि उपाय' हे प्रकरण काढलं. शेवटचा उपाय म्हणून लिहिलं होतं की पडद्याखाली एक सुईएवढं भोक आहे, त्यात टोकदार वस्तू घालून दाबलं की कॅमेरा रीसेट होतो, म्हणजे कारखान्यातून निघाला तसा कोरा होतो.

टोकदार वस्तू आक्कांच्या हातातच होती. त्यांच्या बांगड्यांना कायम पिनांचा झुपका लटकत असतो. त्यांनी एक सोडवून दिली. "घे. पोलक्याला चालती, काटा काढाय चालती, तुझ्या डब्याला का न्हाय चालायची?"

मी दाबलं. पडदा काळा झाला.

"मेलं वाटतं," आक्का म्हणाल्या, आणि श्रद्धांजली म्हणून खलबत्ता बाजूला ठेवला.

पण पडदा उजळला. आणि इंग्रजीत! त्याने तारीख-वेळ विचारली. ती मी चहा घेत घेत सावकाश घातली. मग आक्कांना खलबत्त्यासकट परसात बसवलं आणि सगळ्या फुल्या एकेक करून अशा टोचल्या की एकही चुकली नाही. बोट ठेवीन तिथं पडदा हजर! मी विजयाने आजोबांकडे पाहिलं. तो आत्मविश्वास मला पुढं फार महागात पडला.

तुलेचा दिवस उजाडला. तालमीच्या पटांगणात मांडव होता. मधोमध तीन वासे बांधून, गूळबाजारातून मागून आणलेला भला मोठा तराजू टांगला होता. पारडी अशी की एकेका पारड्यात एकेक म्हैस बसावी. मागच्या बाजूला चुलींवर मटणाची पातेली चढली होती. हलगीवाले हलगी शेकत होते. मी कॅमेरा घेऊन पुढच्या रांगेत उभी राहिले, सरावाला म्हणून पाहुण्यांवरून फिरवला, आणि चित्र लावून बघितलं.

सगळे पाहुणे शेंदूर फासल्यासारखे! मांडवाचं कापड होतं भगवं. वरून ऊन, खाली भगवा उजेड, आणि त्यात प्रमुख पाहुणे देवळाबाहेरच्या म्हसोबासारखे बसलेले.

पुस्तिका माझ्या पर्समध्ये होतीच. उजेड बदलला की रंग बिघडतात, म्हणून त्या उजेडात कॅमेऱ्याला आधी पडदाभर पांढरी वस्तू दाखवावी आणि बटण दाबावं, असं पानाच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं. पांढरं म्हणजे काय हे एकदा समजलं की बाकीचे रंग तो आपोआप ओळखतो. किती साधी, किती सुंदर कल्पना! मी पुस्तिका मिटली.

आता तुम्हीच सांगा, आमच्या घरात सगळ्यांत पांढरं काय? आजोबांचं धोतर! मी स्वतः धुतलेलं, नीळ घातलेलं, कडक इस्त्रीचं. बापू हार घालून घ्यायला त्यांना स्टेजवर नेत होता, तिथून मी त्यांना परत बोलावलं.

"अहो, इकडे या. इथं उभे राहा. सोगा पसरा."

"आता? हितं?" आजोबांनी चहूकडे बघितलं. "आगं, लोकं बघत्यात!"

"लोकांना काय करायचंय? मला पांढरं पाहिजे."

पंचाहत्तर वर्षांचा सत्कारमूर्ती भर मांडवात धोतराचा सोगा दोन्ही हातांनी पसरून उभा, आणि त्याची बायको सोग्याला कॅमेरा लावून वाकलेली! हलगीवाल्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

मी बटण दाबलं, पुन्हा पाहुण्यांवरून कॅमेरा फिरवला, चित्र लावलं. आक्का खांद्यावरून बघत होत्या. त्यांनी एकदम तोंडावर हात ठेवला.

"आगं बया! समद्यांस्नी कावीळ झालीया!"

खरंच सगळे पिवळे! आणि कारण माझ्या लक्षात आलं तेव्हा मला स्वतःचाच राग आला. नीळ! मी इतक्या निगुतीने नीळ घातली होती की ते धोतर मुळात निळसर झालं होतं. माणसाच्या डोळ्याला ते शुभ्र दिसतं. कॅमेऱ्याला खोटं बोलता येत नाही. त्याने निळ्यालाच पांढरं मानलं आणि सगळ्या गावाला हळद लावली.

"मॅडम," बापू आला. "प्रमुख पावणं ईचारत्यात, सुरू करायचं का? त्यास्नी साखरेचा तरास हाय, जेवायला उशीर चालत न्हाय."

"जरा थांबा. पांढरं शोधतेय."

"काय शोधताय?"

"पांढरं!"

बापूने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मलाच चक्कर येते आहे. आक्कांनी मात्र प्रश्न लगेच ओळखला. "पांढरंच पायजे न्हवं? मग हितं उभी काय ऱ्हायलीयास? पांढऱ्या रश्श्याहून पांढरं कोल्हापुरात काय हाय का?" आणि त्या थेट चुलीकडे गेल्या.

आता मला सांगा, यात चुकीचं काय होतं? नाव पांढरा रस्सा. त्यात घातलेलं नारळाचं दूध, काजू, खसखस. आचारी म्हणाला, "आक्का, अजून पंगत बसली न्हाय." आक्का म्हणाल्या, "कॅमेऱ्याला वाढायचाय," आणि काठोकाठ भरलेला वाडगा पदराने धरून घेऊन आल्या.

मी कॅमेरा वाडग्यावर धरला. वाफेने भिंग धुरकटलं. पदराने पुसलं. पुन्हा धरला. पुन्हा धुरकटलं. आक्का वाडग्यावर फुंकर घालायला लागल्या. शेवटी पडदाभर रस्सा दिसला आणि मी बटण दाबलं. पहिल्या रांगेतले एक म्हातारबुवा शेजाऱ्याला म्हणाले, "आता रश्श्याचा बी फोटू काढत्यात. काय दिस आल्यात!"

चित्र लावलं. मग बापू हळूच म्हणाला, "सर तर किस्नद्याव दिसाय लागल्यात."

आजोबांनी वाकून बघितलं. निळेशार! "आता बासरी तेवढी आणा," ते म्हणाले.

(तो रस्सा मुळात पिवळट असतो, मुलांनो. त्यात तूप असतं, मटणाचा अर्क असतो. पांढरं काही असेल तर ते त्याचं नाव!)

इकडं हलगी थांबेना, तिकडं मटणाचा वास आवरेना, आणि पडद्यावर निळे पाहुणे. शहाण्या बाईने काय केलं असतं? कॅमेरा आहे तसा चालू ठेवला असता. निळा का होईना, बाप तराजूत दिसला असता. पण निळा बाप मुलीला पाठवायचा? मला ते पटेना. रीसेट! एकदा यश आलं होतं, पुन्हा येईल. मी तराजूकडे पाठ फिरवली, आक्कांच्या बांगडीची पिन ओढली आणि भोकात घातली.

पडदा काळा झाला. उजळला. आणि त्याने मला तारीख विचारली.

आता ती तारीख तशीच सोडून पुढं जाता येत होतं. पुस्तिकेत तसं लिहिलंही होतं. पण तारीख न घालता मी आयुष्यात फळ्यावर एक अक्षर लिहिलेलं नाही! आजोबांची तुला, आणि कोपऱ्यात कारखान्याचं कुठलं तरी भलतंच साल? छे! मी वर्ष पुढे सरकवू लागले. घाईत बोट जड पडलं. वर्ष असं धावत सुटलं की आपण सगळे हयात नसू अशा काळात जाऊन पोचलं. तिथून ते मागे येईना. पूर्ण फेरी मारूनच यावं लागलं.

"मॅडम, आता न्हाय थांबता येत बघा," बापू लांबून ओरडला. "पावण्यांचं हात थरथरायला लागल्यात!"

"आलेच! महिना राहिलाय!"

महिना झाला. दिवस झाला. मागे नारळ फुटल्याचा आवाज आला. तास झाला, मिनिटं झाली. हलगी कडाडली. आता घड्याळ लावायला कॅमेरा फक्त गाव विचारत होता. कोल्हापूर सापडेना. मुंबईही सापडेना. कराची होतं, ढाका होतं. मागून "अजून एक टाका! अजून एक!" असा गलका ऐकू येत होता. दिल्ली सापडली! मी दिल्लीवर बोट ठेवलं. मागे टाळ्यांचा कडकडाट झाला आणि कुणीतरी ओरडलं, "सरळ! दांडी सरळ!"

मी कॅमेरा वर उचलला, लाल बटण दाबलं. चित्रात आजोबा पारड्यातून खाली उतरत होते.

दिवस, वार, वेळ, सगळं बरोबर होतं. फक्त कार्यक्रम संपला होता.

पुढं सगळं झपाट्यानं झालं. पोरांनी हातोहात गुळाच्या ढेपा बापूच्या टेम्पोत भरल्या. कार्यक्रम संपताच गूळ घेऊन येतो असा शब्द बापूने वसतिगृहाला दिला होता, म्हणून तो टेम्पो घेऊन गेलाही. पंगती बसल्या, उठल्या. मीही ताटावर बसले. सुलभा येऊन म्हणाली, "काकू, कॅसेट संध्याकाळी घ्यायला येऊ ना? सकाळी लवकर निघायचंय." मी मान हलवली. कॅसेटमध्ये पिवळे पाहुणे होते, निळे पाहुणे होते आणि आजोबांचा सोगा होता. पोरीने सातासमुद्रापलीकडून एकच गोष्ट मागितली होती आणि तेवढीच नव्हती.

मी ताटावरून उठले. हात धुतले. बापू गूळ पोचवून परत आला होता. आजोबा मांडवातल्या खुर्चीवर, तोंडावर टोपी ठेवून डुलक्या घेत होते. मी टोपी उचलली.

"उठा. पुन्हा बसायचंय."

"कशात?"

"तराजूत."

आजोबांनी एक डोळा उघडला. "आगं, मघाशीच मोजलं की! आता काय वजन हरवलं व्हय?"

"मेधाला दिसलं नाही ना."

ते उठले, टोपी घातली, आणि धोतर सारखं करत पारड्याकडे चालू लागले. (तुमचे आजोबा असे आहेत. विनोद झाला की दोन शब्द जास्त, आणि लेकीचं नाव निघालं की गप्प.)

तराजू संध्याकाळी परत करायचा होता, म्हणून अजून टांगलेलाच होता. पण दुसऱ्या पारड्यात घालायचं काय? गूळ तर वसतिगृहात पोचला होता. बापू म्हणाला, "बाजूला दगडं हायेत चुलीची. वर चादर टाकू. कुणाला कळतंय?"

आक्का कडाडल्या, "माझा भाऊ दगडांनी तोलायचा? जिती हाय मी अजून!"

"मग टेम्पोचं टायर घालू."

"तू गप रं!"

"मीच बसलो असतो," बापू म्हणाला, "पर सर माळ्यावर जातील." मग त्याने डोकं खाजवलं आणि एकदम उजळला. "मॅडम, तुमीच बसा की! जोडीनं! काय शोभंल!"

"मी? आणि कॅमेरा कोण बघणार?"

"लाल बटनच दाबायचं हाय न्हवं?" आक्का म्हणाल्या. "खलबत्ता चालवती मी, बटन न्हाय व्हय चालवायची?"

मी विचार केला. मेधाला बाबा हवे होते, तराजू हवा होता, सरळ दांडी हवी होती. दुसऱ्या पारड्यात गूळच हवा असं ती कुठं म्हणाली होती? मी मान डोलावली. पण या वेळी काही चुकायचं नाही, असा निश्चय करून मी पुस्तिका पुन्हा उघडली. 'पांढरी वस्तू दाखवावी' ही ओळ पानाच्या तळाशी संपत होती. मघाशी मी तिथंच थांबले होते; आता पान उलटलं. पुढच्या पानावर पहिलेच शब्द होते, 'उदाहरणार्थ, कोरा कागद.'

मी ते कुणालाही वाचून दाखवलं नाही.

आमंत्रणपत्रिकेची कोरी बाजू कॅमेऱ्यासमोर धरली, बटण दाबलं. काय सांगू! हळद हळदीसारखी, कुंकू कुंकवासारखं, आक्कांचं लुगडं हिरवंगार, बापूचा चेहरा काळा तो काळाच. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवला. कॅसेट आत असल्याची दोनदा खात्री केली. दोन्ही पारडी चित्रात नीट मावतात हे तपासलं. आक्कांचं बोट लाल बटणावर नेऊन ठेवलं. "एकदाच दाबायचं. आणि मग हात लावायचा नाही."

आजोबा पारड्यात बसले, मांडी घालून, एकदम ऐटीत. बापू आणि एक पोरगा पारडं धरून उभे. हलगीवाले जेवून सुस्त झाले होते, तरी उठले. मी दुसऱ्या पारड्यात चढले, शालू सावरला, कॅमेऱ्याकडे बघून मंद स्मित केलं आणि म्हणाले, "सोडा."

त्यांनी सोडलं.

दण्णकन आवाज झाला. माझं पारडं जमिनीवर! मी अजून मंद स्मित करत होते, पण समोर आजोबा नव्हते. वर बघितलं. आजोबा मांडवाच्या कापडाजवळ, दोन्ही हातांनी साखळ्या धरून लोंबकळत होते.

"आगं ए! काय केलंस? खाली घे की मला!"

"मी काही केलं नाही! मी नुसती बसलेय!"

"मग नुसती उठ!"

"न्हाय न्हाय, उठू नका मॅडम," बापू किंचाळला, "सर दणकून आपटतील! आरं, धरा! सरांच्या पारड्यात काय तरी टाका!"

हलगीवाल्यांना जोर चढला. कुणी आजोबांच्या पारड्यात नारळांचं पोतं टाकलं, कुणी हारांची टोपली. आजोबा टोपीच्या उंचीएवढे खाली आले आणि पुन्हा अडकले. शेवटी आक्का कॅमेरा सोडून धावल्या आणि आदल्या दिवशी आचाऱ्याच्या हवाली केलेलं, जेवणं होऊनही निम्मं उरलेलं चंदगडच्या तांदळाचं गठुडं बापूकडून उचलवून भावाच्या मांडीवर ठेववलं. पारडं हळूहळू उतरलं. माझं हळूहळू उचललं गेलं. आणि दांडी सरळ झाली.

टाळ्या पडल्या. सकाळपेक्षा जास्त.

ते सगळं, अगदी सगळं, कॅमेऱ्यात आलं. आक्कांनी बटण एकदाच दाबलं होतं आणि मग हात लावला नव्हता. सुलभा संध्याकाळी येऊन कॅसेट घेऊन गेली. मी ती आधी बघून थोडी कापावी म्हटलं, पण कापायचं कसं याचं प्रकरण पुस्तिकेत सापडेपर्यंत रिक्षा गेली होती.

काही दिवसांनी मेधाचा फोन आला. तिला हसू आणि रडू एकदम येत होतं. "आई, बाबा दिसले! तराजूत बसलेले. दांडी सरळ झालेली. अगदी हवं होतं तस्सं! आणि रंग काय सुरेख आलेत गं!"

मी कृतार्थ झाले. मग फोन तुझ्या हातात आला, तन्वी. तू विचारलंस, "आजी, आजोबा आणि नारळ आणि फुलं आणि तांदूळ, सगळे मिळून तुझ्याएवढे?"

फोन ठेवला आणि मी लाल पेन्सिल घेऊन पुन्हा ती पुस्तिका उघडली. तारीख, वेळ, भाषा, रंग, सगळं पूर्वपदावर आणायची सोय तिच्यात दिलेली आहे. वजनाची मात्र नाही. मी शेवटच्या पानापर्यंत शोधलं. या वेळी पानं उलटून.